‘बाई, परत पाणी येईल का?’

या अंकासाठी आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच विषयावरची आहेत. पूर, दरड, भूकंप यांतून वाचलेली मुलं शाळेत परत आली की शिक्षकानं त्यांच्याशी कसं वागायचं, आणि हे शिक्षकाला कुणी, कधी, कसं शिकवायचं? बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून यावेळी एवढीच घेते. नवीन वाचकांसाठी सांगते, मी आधी जिल्हा परिषदेची शिक्षिका होते. नंतर समुपदेशन शिकले आणि आता शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमची शाळा पंचगंगेच्या काठावर आहे. पुरात वर्गाच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्हा शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण मिळालं. स्लाइड दाखवल्या, ‘ट्रॉमा’, ‘रेझिलियन्स’ असे शब्द आम्ही वहीत उतरवून घेतले. पण शाळा उघडल्यावर चौथीच्या वर्गात पाऊल टाकून पहिलं वाक्य काय बोलायचं, ते कुणी सांगितलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, मुलांकडून ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ लिहून घ्या, मन मोकळं होईल. आणि एक मुलगी रोज विचारते, ‘बाई, परत पाणी येईल का?’
– शिक्षिका, शिरोळ तालुका

उत्तर : पहिलं वाक्य असं असू द्या : ‘तुम्ही सगळे आलात, मला बरं वाटलं.’ मग हजेरी घ्या, पण नेहमीसारखी घाईनं नको. एकेक नाव घेताना त्या मुलाकडे बघा. कोण घरी आहे, कोण मामाकडे राहतंय, कोण अजून छावणीतून येतंय हे नंतर एकेकट्याला विचारून वहीत टिपून ठेवा. सगळ्या वर्गासमोर ‘कुणाकुणाचं घर पडलं, हात वर करा’ असं कधीही करू नका. हे मी पाहिलेलं आहे. हात वर केलेली मुलं खाली बघत असतात आणि न केलेलीही.

हजेरी झाली की आज दिवसभरात काय काय होणार ते फळ्यावर लिहा. प्रार्थना, गोष्ट, गणित, खिचडी, खेळ, सुट्टी. शेवटी तोंडी सांगा, ‘सुट्टी होईपर्यंत मी इथंच आहे.’ पूर आलेल्या घरात आठ-दहा दिवस कशाचा कशाला मेळ नसतो. कधी जेवण, कुठं झोप, आई कुठं गेली, बाबा का ओरडले, मुलाला कशाचाच अंदाज नसतो. फळ्यावरची यादी त्याला पुढच्या तासाचा अंदाज देते, आणि ती ठरल्याप्रमाणे झाली की दुसऱ्या दिवशी ते मूल थोडं सैल होऊन बसतं. पहिल्या आठवड्यात अभ्यास कमी ठेवा, पण अजिबात बंद करू नका. पाढे म्हणण्यातसुद्धा आधार असतो.

भिंतीवर पाण्याची रेघ उमटली असेल. मुलं तिच्याकडे बघत बसतात. रंगारी येण्याआधी एका शिक्षिकेनं मुलांच्या हातात टेप दिली. ज्यांना मोजायचं होतं त्यांनी जमिनीपासून रेघेपर्यंतची उंची मोजली, काहींनी तिच्याशेजारी उभं राहून आपली उंची ताडून पाहिली. दोघं-तिघं लांबच उभी राहिली, त्यांना कुणी ओढलं नाही. मोजून झाल्यावर मुलं आपणहून बोलायला लागली, आमच्यात तर माळ्यापर्यंत होतं, आमची तिजोरी तरंगत होती. त्या बाईंनी ‘बोला’ असं कुणालाही म्हटलं नव्हतं.

आता निबंधाचं. पहिल्या काही आठवड्यांत तो नकोच, असं मुख्याध्यापकांना माझ्या वतीनं सांगा. ‘पूरग्रस्ताचे मनोगत’ हा आपल्या परीक्षेतला ठरलेला निबंध आहे. गाईडमध्ये त्याची सुरुवात आणि शेवटही तयार मिळतो. ज्याचं घर खरंच गेलं, त्याला तो दहा गुणांसाठी लिहायला लावणं मला क्रूर वाटतं. मन मोकळं करायचं म्हणून आपत्तीनंतर लगेच सगळ्यांना बसवून जे घडलं ते सविस्तर सांगायला लावायचं, ही पद्धत जगभर वापरली गेली होती. अभ्यासाअंती तिचा फायदा दिसला नाही आणि काहींना त्रासच झाला. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती वापरू नका म्हणते. वर्गाच्या एका कोपऱ्यात कोरे कागद आणि खडू ठेवा. ज्याला काढायचं तो काढेल. ‘हे काय काढलंस?’ असं विचारण्यापेक्षा ‘मला दाखवायचंय का?’ असं विचारा. चित्रं भिंतीवर लावू नका, वर्तमानपत्राला तर मुळीच देऊ नका.

आणि त्या मुलीचा प्रश्न. ‘नाही गं, आता नाही येणार’ असं म्हणू नका. शिरोळात राहून हे वचन कुणाला देता येतं? पुढच्या पावसाळ्यात पाणी पात्राबाहेर आलं की तुमच्या शब्दावरचा तिचा विश्वास जाईल. तिला म्हणा, ‘जोराचा पाऊस झाला तर येऊ शकतं. पण पाणी वाढायला लागलं की आधी कळतं आणि तेव्हा काय करायचं ते आपण शिकून घेऊ.’ मग खरंच शिकवा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी. सांगलीला आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५. घरातली मोठी माणसं पावसाळाभर ‘किती फुटांवर गेलं?’ असं फोनवर विचारत असतात. मुलं ते ऐकतात, पण त्यांना त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. तो कळला की प्रत्येक आकड्याला दचकायचं कारण उरत नाही. नृसिंहवाडीच्या मुलांना विचारा, देवळात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा लोक स्नानाला जातात. ही मुलं नदीच्या सोबतीनंच वाढलेली आहेत. त्यांना नदीची कायमची भीती बसू नये, एवढं आपल्या हातात आहे.

प्रश्न : २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझंही घर गेलं. पुस्तकं, कागदपत्रं, आईचे फोटो, सगळंच. शाळा सुरू झाल्यावर आम्हाला मुलांना आधार द्यायला सांगितलं. मी दिला. पण आजही ढग दाटून आले की माझेच हात गार पडतात. माझ्यासारख्यानं दुसऱ्याला काय द्यायचं?
– माध्यमिक शिक्षक, चिपळूण

उत्तर : सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आपल्याकडच्या सगळ्या प्रशिक्षणांत एक गोष्ट धरूनच चालतात की शिक्षक कोरडा आहे आणि मुलं भिजलेली आहेत. प्रत्यक्षात शिक्षक त्याच गावातला असतो, त्याचंही घर त्याच पाण्यात असतं. २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं आणि त्यांचे शिक्षक एकाच गल्लीत ढिगाऱ्याखाली गेले. मागे राहिलेल्या शिक्षकांनी सहकारी गमावले होते आणि विद्यार्थीही.

१७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला. त्यानंतर तिथल्या काही शाळांत शिक्षकांमार्फत मुलांसाठी कार्यक्रम राबवला गेला. त्यात आधी शिक्षकांनाच एकत्र बसवून त्यांना काय सोसावं लागलं ते बोलू दिलं आणि मग वर्गात काय करायचं ते शिकवलं. तीन वर्षांनी ती मुलं आणि कार्यक्रम न मिळालेली मुलं यांची तुलना झाली. कोणतं मूल कोणत्या गटातलं, हे माहीत नसलेल्या शिक्षकांनी त्यांचं वागणं, अभ्यास आणि इतरांत मिसळणं तपासलं. कार्यक्रमातली मुलं यात सरस निघाली. भीतीच्या लक्षणांत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. मला यातलं हे दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. आठवणी राहिल्या, तरीही मुलं नीट जगायला शिकली. हात गार पडतात म्हणून तुम्ही मुलांना आधार द्यायला अपात्र ठरत नाही.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. मुलांसमोर खरं बोललात तर चालतं, ‘मलाही ढग आले की भीती वाटते, मग मी खिडकी उघडून पाऊस किती आहे ते बघतो’ इतपत. पण स्वतःची सगळी कहाणी त्यांच्यासमोर मांडू नका, त्यांना तुमची काळजी घ्यायला लावू नका. ते बोलण्यासाठी एखादा सहकारी धरा, शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास. आणि इतक्या वर्षांनंतरही झोप उडत असेल, पावसाळा आला की कामच सुचत नसेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. ती मुलांइतकीच तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : माझ्या केंद्रात कृष्णाकाठच्या शाळा आहेत. २०१९ च्या महापुरानंतर प्रशिक्षणं झाली, पण शिक्षकांना त्यातलं काही आठवत नाही. यंदा मला वरून एक दिवस मिळतोय. त्या एका दिवसात काय घ्यावं?
– केंद्रप्रमुख, सांगली जिल्हा

उत्तर : आधी कधी घ्यावं ते सांगते. पाणी उतरल्यावर नको, उन्हाळी सुट्टी संपताना, शाळा उघडायच्या आधी घ्या. पूर आला की तुमच्या शिक्षकांना शिकायला वेळ मिळणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देता येत नाहीत, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांना त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे पूर आला की शाळेची छावणी होणार, शिक्षक धान्याच्या याद्या करणार, पंचनाम्याला जाणार, आणि ‘मुलांना जरा बघा’ हे सगळ्यात शेवटी येणार. शक्य असेल तर तहसीलदारांशी आत्ताच बोलून ठेवा की प्रत्येक शाळेतला निदान एक शिक्षक फक्त मुलांसाठी मोकळा ठेवावा. छावणीच्या एका खोलीत रोज दोन तास खेळ आणि गोष्टी, एवढंच त्याचं काम.

आता त्या दिवसाचं. व्याख्यान एका तासात आटोपा. मुलांच्या वयाप्रमाणे काय दिसतं, ते त्यात येऊ द्या. लहानगी अंथरूण ओलं करायला लागतात, आईला सोडत नाहीत, सुटलेलं अंगठा चोखणं परत सुरू होतं. तिसरी ते सातवीतल्यांचं पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि ते खरंच दुखत असतं. मोठी मुलं चिडतात किंवा एकदम शहाण्यासारखी वागायला लागतात. ‘तो किती समजूतदार झालाय’ असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. यातलं बहुतेक काही आठवड्यांत आपोआप ओसरतं, हेही सांगा. नाहीतर शिक्षक प्रत्येक मुलात रोग शोधायला लागतात.

बाकीचा सगळा दिवस सरावाचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिची तीन सूत्रं आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. वाचायला ती फार सोपी वाटतात. त्यातलं ‘ऐका’ करून बघितल्याशिवाय येत नाही. मी जोड्या लावते. एक जण मूल, दुसरा शिक्षक. कागदावर एकच वाक्य देते : ‘सर, माझी शेळी गेली.’

पहिल्या फेरीत ठरलेली उत्तरं येतात. ‘सरकार नुकसानभरपाई देईल.’ ‘दुसरी घेतील तुझे बाबा.’ ‘अरे, माणसं वाचली ना, देवाची कृपा.’ ‘शेजारच्यांचं तर घरच गेलं, तू रडतोस काय?’ चांगली, मायाळू माणसं हे बोलतात. मग मूल झालेल्या शिक्षकाला मी विचारते, आता तुम्हाला काय वाटतंय? एकदा एक वयस्क सर म्हणाले, ‘पुढं बोलावंसं वाटेना.’ दुसऱ्या फेरीत मी नियम घालते. समजूत घालायची नाही, उपाय सांगायचा नाही, फक्त ऐकून एक प्रश्न विचारायचा. समोरची तरुण शिक्षिका थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘काय नाव होतं तिचं?’ सर म्हणाले, ‘चांदणी.’ आणि मग ते बोलतच राहिले. लहानपणी त्यांच्या घरी खरंच त्या नावाची शेळी होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या खोलीतल्या कुणालाही तो दिवस विसरायला झालेला नाही, असं ते भेटले की सांगतात.

तुमच्या शिक्षकांवर उपचाराचं ओझं टाकू नका. पाय मोडलेल्याला आधार देऊन दवाखान्यात न्यायचं शिक्षकाला यावं, हाड बसवायला त्याला सांगू नये. ध्यान, संमोहन, ‘मनातली भीती काढणारे’ प्रयोग घेऊन कुणी आलं तर सरळ नाही म्हणा. श्वासाचा साधा सराव चालतो : नाकानं हळू श्वास आत, तोंडानं त्याहून हळू बाहेर. तो भीतीच्या वेळी उपयोगी पडायला हवा, तर भीती नसताना रोज परिपाठात करून घ्यायला हवा.

मदतवाटपाचा सरावही त्या दिवशीच करून घ्या. दप्तरं, वह्या वाटायला मंडळी येतात, फोटो काढतात, मुलाला ‘हस’ म्हणतात. शाळेनं आधीच ठरवून ठेवावं की सामान आम्ही घेऊ, आमच्या पद्धतीनं देऊ, मुलांचे फोटो निघणार नाहीत. हे दारात आलेल्या देणगीदाराला कसं सांगायचं याचीही जोडी लावा. मुख्याध्यापकांना हीच फेरी सगळ्यात अवघड जाते.

आणि एक दिवस पुरत नाही, हे वर कळवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्ये आपत्तीतल्या मनोसामाजिक आधारासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, पत्रात त्यांचा आधार द्या. तुमची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. तिच्यातली वीस मिनिटं यासाठी कायमची राखून ठेवा. एका शिक्षकानं एका मुलाबद्दल सांगायचं, नाव न घेता, बाकीच्यांनी आपण काय केलं असतं ते बोलायचं. प्रशिक्षण टिकतं ते असं.

प्रश्न : आमच्या वाडीशेजारी दरड कोसळली. आमचं घर वाचलं. माझा सात वर्षांचा मुलगा रोज मातीचा डोंगर करतो, त्याखाली काड्यांची घरं ठेवतो आणि डोंगर पाडतो. वर्गातही हेच खेळतो. त्याच्या बाई म्हणतात, हे अशुभ आहे, थांबवा.
– आई, महाड तालुका

उत्तर : ताई, थांबवू नका. मुलाला जे बोलता येत नाही ते तो खेळतो. शेजारी बसा आणि बघा. काही दिवसांनी खेळात बदल व्हायला लागतो. एखादा जेसीबी येतो, कुणीतरी माणसं बाहेर काढतं, घर दुसरीकडे बांधलं जातं. नाही आला बदल, तर तुम्ही हळूच विचारा, ‘आता यांना काढायला कोण येणार?’ महिना उलटूनही खेळ तसाच राहिला, खेळताना तो घाबराघुबरा होत असेल किंवा दुसऱ्या मुलांना इजा करत असेल, तरच डॉक्टरांना दाखवा. त्याच्या बाईंना हे उत्तर वाचायला द्या. त्यांना भीती वाटली, यात त्यांचा दोष नाही. त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही.

प्रश्न : मी आश्रमशाळेत अधीक्षक आहे. डोंगरातल्या वाडीवर दरड कोसळली तर मुलं आमच्याकडे सुरक्षित असतात आणि घरची माणसं जातात. असं झालं तर मुलांना कुणी, कसं सांगायचं? काहींच्या आईवडिलांचा मृतदेहही मिळत नाही.
– अधीक्षक, रायगड जिल्हा

उत्तर : हा प्रश्न तुम्ही आधी विचारलात, म्हणून तुमचे आभार. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. त्या वाडीतली काही मुलं निवासी शाळेत होती, म्हणून वाचली.

बातमी मुलाला मोबाइलवरून किंवा मोठ्या मुलांच्या कुजबुजीतून कळण्याआधी सांगा. सांगणारा माणूस त्याच्या विश्वासातला हवा : तुम्ही, वर्गशिक्षक किंवा त्याचा काका-मामा, शक्यतो दोघं मिळून. आडवळण नको. ‘आई देवाघरी गेली’, ‘लांब गेली’ असं म्हटलं की लहान मूल ती परत यायची वाट बघतं. ‘रात्री वाडीवर दरड पडली. तुझी आई त्यात मेली.’ हे वाक्य उच्चारायला फार जड आहे. म्हणून ते आधी मोठ्यानं म्हणून बघा, एकट्यानं, खोलीत. सांगितल्यावर गप्प बसा. मूल रडेल, पळेल, किंवा ‘मी खेळायला जाऊ का?’ असं विचारेल. हे तिन्ही साहजिक आहे. शेवटच्याला निर्दय समजू नका.

बेपत्ता असेल तर जेवढं खरं तेवढंच सांगा : ‘शोधताहेत. अजून सापडले नाहीत. काही कळलं की मी स्वतः येऊन तुला सांगेन.’ आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे रोज जाऊन सांगा, नवीन काही नसलं तरी. शोध थांबल्यावर तेही सांगा. अशी मुलं पुढं बरेच दिवस फाटकाकडे बघतात. देह नसला तरी निरोप द्यायची रीत त्यांच्या समाजात असते, तिच्यात मुलाला सामील होऊ द्या, त्यासाठी सुट्टी द्या. ‘लहान आहे, नको’ म्हणून बाजूला ठेवू नका.

भावंडांना वेगवेगळ्या वसतिगृहांत विभागू नका. कुणी ‘आम्ही मूल दत्तक घेतो’ म्हणत आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर तसे निरोप फिरले, तर मूल कुणाच्याही हाती देऊ नका. तो निर्णय बालकल्याण समितीचा. आणि गर्दीत, छावणीत आपल्याशी कुणी वाईट वागल्याचं एखाद्या मुलीनं किंवा मुलानं सांगितलं, तर ते मिटवायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे.

प्रश्न : किल्लारीच्या भूकंपात आम्ही सगळं गमावलं. तेव्हा कुणी समुपदेशक आला नाही, शिक्षकांना कुणी प्रशिक्षण दिलं नाही. तरी आमची मुलं शिकली, नोकरीला लागली. आताच एवढं कौतुक कशाला?
– निवृत्त पोस्टमास्तर, लातूर

उत्तर : काका, ३० सप्टेंबर १९९३ ला मी उमरगा तालुक्यात शिक्षिका होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर आल्या, हे तुम्हाला मी काय सांगावं?

तुमची मुलं उभी राहिली ती तुमच्या धीरानं, यात शंका नाही. पण ती एकट्यानं उभी राहिली नाहीत. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली. हराळी गावात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी संस्थेनं शाळा सुरू केली. आणि पत्र्याच्या शेडमध्ये भरलेल्या कितीतरी साध्या शाळांत शिक्षकांनी जे सुचेल ते केलं. माझ्या वर्गात भिंतीलगत कुणी बसायचं नाही, सगळ्यांना दाराजवळची जागा हवी असायची. बाहेरून ट्रक गेला, जमीन थोडी थरथरली की सगळा वर्ग बाहेर. आमच्या मुख्याध्यापकांनी वर्ग लिंबाखाली भरवला आणि थंडी पडेपर्यंत तो तिथंच ठेवला. आज मी प्रशिक्षणात जे शिकवते, त्याचा गाभा त्यांना कुणी न शिकवता कळला होता.

प्रत्येक गावाला असे मुख्याध्यापक मिळाले नाहीत. ‘घाबरट’ म्हणून मार खाल्लेली, शाळा सुटलेली, घाईनं लग्न लावून दिलेली मुलं-मुलीही त्याच पिढीत आहेत. त्यांची मोजदाद आपण केली नाही. चांगला शिक्षक मिळणं नशिबावर राहू नये, एवढ्यासाठी हे प्रशिक्षण. जुन्या माणसांना कमी लेखण्याचा त्यात भाग नाही. आणि माझी विनंती आहे, तुमच्या भागातल्या शिक्षक प्रशिक्षणात जाऊन तेव्हा काय उपयोगी पडलं ते सांगा. माझ्यापेक्षा तुमचं बोलणं ते जास्त मन लावून ऐकतील.

प्रश्न : मूल आपल्या आवाक्याबाहेर गेलं हे कसं ओळखायचं? आणि पाठवायचं कुठं? आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. पालक म्हणतात, आमचं पोर वेडं नाही.
– उपशिक्षक, परांडा तालुका

उत्तर : साधारण महिनाभर थांबून बघा. तोवर झोप, भूक, खेळ पूर्ववत व्हायला लागलेले दिसले तर काळजी नको. महिन्यानंतरही मूल रोज रात्री दचकून उठतंय, शाळेत यायला तयार नाही, कुणातच मिसळत नाही, शिकलेलं विसरत चाललंय, असं असेल तर पाठवा. ‘मी पण मरायला हवं होतं’ असं कुणी बोललं, स्वतःला इजा केली, खाणंपिणं सोडलं, तर महिना सोडा, त्याच दिवशी. तोपर्यंत त्याला एकटं ठेवू नका. ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

पाठवायचं कुठं? जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं असतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तुमच्या शाळेत तपासणीला येतं, त्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. रात्री-अपरात्री १४४१६. मुलाला धोका असेल तर १०९८, म्हणजे चाइल्डलाइन.

पालकांशी बोलताना ‘मानसिक’ हा शब्द वापरलाच पाहिजे असं नाही. ‘त्याला झोप लागत नाही, त्याचं पोट दुखतंय, आपण डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर येतो’ म्हणा. या ‘मी बरोबर येतो’नं पालक तयार होतात, हा माझा अनुभव. सोबत एक चिठ्ठी द्या. त्यात रोगाचं नाव लिहू नका. तुम्हाला काय दिसलं ते तारखेसह लिहा : कोणत्या दिवशी वर्गातून पळाला, किती दिवस डबा परत नेला, काय बोलला, त्याच्याच शब्दांत. सिव्हिलच्या गर्दीत डॉक्टरांना पाच मिनिटं मिळतात. तुमची चिठ्ठी असेल तर ती कारणी लागतात. आणि मूल परत आल्यावर वर्गात त्याची जागा तीच ठेवा, शेजारीही तोच.